बाबांच्या कोठ्यावरचा माझा इलाज

आमच्या घरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘झालं का?’ काय झालं, हे कुणी विचारत नाही. लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोला माझ्या आईने पहिल्याच सोमवारी हा प्रश्न विचारला, तेव्हा ती ‘हो, आंघोळ पण झाली’ म्हणाली. आई समाधानाने म्हणाली, ‘म्हणजे सगळंच झालं.’ बायकोला सासर कळायला तेवढी एक सकाळ पुरली.

आता आई नाही. प्रश्न आहे, आणि तो सांभाळायला बाबा आहेत.

बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. पुढे गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला. आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत झाली आणि आम्ही अकराव्या मजल्यावर राहायला गेलो. पण नोंद ठेवायची बाबांची सवय काही सुटली नाही. नोंद ठेवायला कामगार उरले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचा कोठा धरला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. दूधवाला आला नाही की बायको त्या तारखेवर फुली मारते. त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात बाबा निळ्या बॉलपेनने एक बारीक गोल काढतात. गोल म्हणजे आज झालं. गोल नसेल त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने हसत नाही.

आता माझा या विषयातला अधिकार सांगतो. मी विमा कंपनीत मेडिक्लेमच्या टेबलावर सत्तावीस वर्षं काढली आहेत. हॉस्पिटलची फाइल उघडायची, आजाराचं नाव वाचायचं, तो पॉलिसीच्या शब्दांत बसतो की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा. आजारांची नावं मला तोंडपाठ आहेत. आजाराशी ओळख म्हणाल तर लग्नपत्रिकेवरून नवरदेवाची होते तेवढी. पण नातेवाइकांना तेवढं पुरतं. गिरगावातली मावशी गुडघ्याचं विचारते, चुलतभाऊ आम्लपित्ताचं विचारतो. मी ‘अच्छा’ म्हणतो आणि दोन सेकंद गप्प बसतो. त्या दोन सेकंदांवर माझी प्रॅक्टिस चालते.

एनिमाचं म्हणाल, तर आमच्या घराला तो नवा नव्हता. चाळीतल्या खोलीत मोरीच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला इनॅमलचा एक पांढरा डबा टांगलेला असायचा. त्याला निळी कड, खाली लाल रबरी नळी, नळीच्या टोकाला काळी तोटी. दिवाळीत आमचा चकलीचा सोऱ्या मजल्यावर फिरायचा, उरलेलं वर्षभर हा डबा फिरायचा. काही जण तो गरम पाण्याने धुऊन परत करायचे. काही जण नुसताच परत करायचे, आणि हे काही जण कोण, ते सगळ्यांना माहीत असायचं. तरी कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. आज त्या तोटीचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. तेव्हा तो शेजारधर्म होता.

वार्षिक परीक्षा संपली की गावी जायच्या आदल्या रविवारी मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला हा एनिमा मिळायचा. पोटात काही नसताना. गावी आंबे-फणस खायचे म्हणून आधी आतली साफसफाई. बाबा बादलीत कोमट पाणी घ्यायचे आणि त्यात कपड्याच्या साबणाची वडी घुसळायचे. कॉलरचा मळ ज्याने निघतो त्याने आतड्याचा का निघणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब. मी शेजाऱ्यांच्या पलंगाखाली जाऊन बसायचो. बाबा ओरडायचे नाहीत, रागवायचे नाहीत. फक्त गॅलरीत उभे राहून म्हणायचे, ‘पाणी गार होतंय.’ ते इतक्या शांतपणे म्हणायचे की शेवटी मीच बाहेर यायचो. नंतर दिवसभर आतून चुरचुरायचं, एस.टी.त धड बसता यायचं नाही. चुरचुरतंय म्हणजे साफ झालं, असं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ते खरं मानून उभ्याने कोकणात जायचो.

तर असा हा वारसा. आता मूळ गोष्टीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या किडन्या थकल्या. दादरच्या किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं, मीठ कमी केलं आणि मला समोर बसवून सांगितलं, ‘या किडन्या आहेत तेवढ्या आपल्याला जपायच्यात. आणखी एक धक्का बसला तर यांना डायलिसिसवर जावं लागेल आणि या वयात मला ते नकोय. म्हणून मला विचारल्याशिवाय यांच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. अंगदुखीची साधी गोळीसुद्धा नाही.’ मी ते घरी येऊन कागदावर लिहिलं आणि फ्रिजला चिकटवलं. माझं अक्षर चांगलं आहे. दोन वर्षं आम्ही तो कागद पाळला.

गेल्या मार्चमध्ये बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. बाबांची ही एकुलती एक नात. रविवारी सकाळी दादरच्या हॉलमध्ये मुहूर्त. बुधवारी संध्याकाळी बाबांनी चहा पिता पिता जाहीर केलं, ‘मी काही लग्नाला येत नाही.’

‘का?’ मी विचारलं.

‘कॅलेंडर बघ.’

मी जाऊन बघितलं. दुधाच्या दोन फुल्या होत्या. गोल मात्र गेल्या आठ दिवसांत एकही नव्हता.

‘आठ दिवस?’

बाबांनी कप खाली ठेवला. ‘हॉलमध्ये काय सोय असते मला माहितीये. मधेच लागली तर? अंतरपाट धरलेला असताना मी उठू?’

पुढे मी काही विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, विचारायला काय झालं होतं. पण आमच्याकडे हा विषय होय-नाही एवढाच चालतो. त्यापलीकडचा तपशील मुलाने बापाला विचारणं म्हणजे पगार विचारण्यासारखं.

मग बहिणीचा फोन आला. ‘दादा, काहीतरी कर ना रे. आजोबा नाहीत तर मी उभी राहणार नाही, म्हणून पोरीची इकडे रडारड चाललीये. तुला कळतं ना त्यातलं.’

मी ‘अच्छा’ म्हटलं आणि दोन सेकंद गप्प बसलो.

इसबगोल झालं होतं, डॉक्टरांनीच दिलेलं सिरप चालू होतं. शेवटचा उपाय मला खिळ्यावर टांगलेला दिसत होता. डबा आता नाही, पण केमिस्टकडे तयार बाटली मिळते. तरी फ्रिजसमोरून जाताना मी थांबलो. प्रामाणिकपणे थांबलो. कागद पुन्हा वाचला. ‘विचारल्याशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही.’ आणि माझ्यातला मेडिक्लेमवाला जागा झाला. सत्तावीस वर्षं लोकांच्या पॉलिसीतले शब्द असेच धरून बसलो होतो ना मी. नियम पोटात जाणाऱ्या गोष्टींचा आहे. एनिमा पोटात कुठे जातो? तो पोटातलं बाहेर काढतो. शिवाय त्याची दिशाही वेगळी. म्हणजे डॉक्टरांना विचारायचं कारण नाही. एखादा क्लेम नामंजूर करताना मला जेवढी खात्री असते तेवढीच तेव्हा वाटली.

गुरुवारी ऑफिसातून येताना केमिस्टकडे गेलो.

‘एनिमा आहे?’

‘कुणासाठी?’

‘वडिलांसाठी.’

‘डॉक्टरांना विचारलंय ना?’

‘मी मेडिक्लेमला आहे.’

त्याने बाटली काढली. मी म्हटलं, ‘दोन द्या.’

‘एकच लागते, साहेब.’

‘असू दे.’

शुक्रवारी सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबांच्या पलंगावर गादी खराब होऊ नये म्हणून काय अंथरायचं, हा प्रश्न आला. बायकोने माळ्यावरून फ्लेक्स काढला. आमच्या नाक्यावर दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि वाढदिवस उतरला की फ्लेक्स घरोघर जातो. कुणी त्याने गाडी झाकतं, कुणी गळकी खिडकी. आम्ही तो पलंगावर अंथरला. चेहरा खाली केला. तेवढा मान ठेवला.

बाबा लुंगी सावरत आले आणि निमूट डाव्या कुशीवर झोपले. गुडघे पोटाशी घेतले. हे त्यांना सांगावं लागलं नाही, शेवटी आमचे गुरू तेच. मला मात्र हात कुठे ठेवू कळेना. ज्या माणसाने मला पलंगाखालून बाहेर काढलं होतं, त्याची पाठ माझ्यासमोर होती, आणि ती माझ्या आठवणीपेक्षा बरीच लहान होती.

‘बाबा, जरा गार लागेल.’

‘लागू दे.’

बाटली दाबली. रिकामी झाली. ‘आता पाच मिनिटं धरून ठेवा,’ मी म्हटलं, अगदी त्यांच्याच आवाजात.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाबा कुशीवर पडून भिंतीकडे बघत होते. वीस मिनिटांनी मी विचारलं, ‘काही?’

‘काही नाही.’

‘पोटात गुडगुड?’

‘नाही. जरा जड वाटतंय. बाकी काही नाही.’

मी दुसरी बाटली उघडली. एवढ्यात बायको दारातून म्हणाली, ‘अहो, त्यावर काय लिहिलंय ते वाचा तरी.’

‘बारीक आहे गं.’

‘चष्मा लावा.’

‘अगं, एनिमा आहे तो. पाण्याची बाटली. साबणाच्या पाण्याने आम्ही लहानाचे मोठे झालो.’

बायको माझ्याशी वाद घालत बसली नाही. ती चप्पल न घालताच समोरच्या फ्लॅटमध्ये गेली आणि आन्टीला घेऊन आली. ही आन्टी म्हणजे चाळीपासूनची आमची ख्रिश्चन शेजारीण. मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची सिस्टर होती. आता पंच्याहत्तरीची आहे, गाऊनवर खांद्याला टॉवेल टाकून फिरते. पण तिच्या चालण्याचा आवाज आला की आजही माझ्या हातून वस्तू आपोआप जागेवर जाते. बाबा तिला ‘सिस्टर’ म्हणतात, आणि ती सगळ्यांनाच पेशंट समजते.

तिने माझ्या हातातली बाटली घेतली. चष्मा न लावता वाचली.

‘ही दिली?’

‘एक दिली. ही दुसरी.’

‘किडनीच्या माणसाला?’

‘आन्टी, तोंडावाटे नाही दिली.’ माझा पॉलिसीचा मुद्दा अजून शाबूत होता.

तिने माझ्याकडे बघितलं. लहान मुलाने भिंतीवर रेघोट्या मारल्या की बघतात तसं. ‘आत किती गेलं?’

‘सगळी बाटली.’

‘बाहेर किती आलं?’

‘काहीच नाही.’

तिने दुसरी बाटली गाऊनच्या खिशात टाकली. ‘हे पाणी नाही रे. ह्यात फॉस्फेट आहे, मीठ असतं एक. बाहेर आलं तर ठीक. आत राहिलं तर आतड्यातून रक्तात जातं. तुझी किडनी ते फेकून देईल. ह्यांची कशी फेकणार? मग कॅल्शियम खाली येतं, हार्ट गडबड करतं. वॉर्डात बघितलंय मी. आणि दुसरी दिली असतीस तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलले नसते. टॅक्सी बोलव. ह्यांच्या डॉक्टरला फोन लाव. आत्ता.’

इतका वेळ मला वाटत होतं की फार तर एनिमा लागू पडणार नाही. तो लागू न पडणंच वाईट, हे माझ्या सत्तावीस वर्षांत कुठल्या फाइलमध्ये आलं नव्हतं. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि परळच्या एका हॉस्पिटलचं नाव सांगून ‘लगेच न्या, मी तिथे बोलतो’ एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

टॅक्सीत पुढे मी, मागे आन्टी आणि बाबा. बाबा घडी केलेल्या फ्लेक्सवर बसले होते. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, ‘चाचा को क्या हुआ?’

‘कुछ नहीं हुआ,’ बाबा म्हणाले. ‘वही तो प्रॉब्लेम है.’

मला हसू येईना. मी दर सिग्नलला मागे वळून त्यांच्या ओठांकडे बघत होतो. आन्टी त्यांची नाडी धरून बसली होती आणि अधूनमधून विचारत होती, ‘बोटांना मुंग्या? छातीत धडधड?’ बाबा नाही म्हणायचे आणि ती माझ्याकडे न बघता मान हलवायची. हॉस्पिटलच्या गेटवर टॅक्सी वळली तेव्हा बाबा एकदम ताठ झाले.

‘अरे,’ ते म्हणाले, ‘लागली.’

त्यानंतरची दोन मिनिटं मी नीट सांगू शकत नाही. व्हीलचेअर सापडली की नाही आठवत नाही. एवढं आठवतं की आन्टीने ‘बाजू, बाजू’ म्हणत कॅज्युअल्टीतली माणसं दुभंगली आणि बाबा वेळेत पोहोचले. अकरा मिनिटांनी बाहेर आले. चेहऱ्यावर गिरणीत बोनस जाहीर झाल्याचं तेज होतं.

‘चला घरी,’ मी म्हणालो. माझा क्लेम मंजूर झाला होता.

‘कुठे घरी? ब्लड दिल्याशिवाय नाही,’ आन्टी म्हणाली. ‘पाऊण तास आत होतं ते. किती रक्तात गेलं तुला दिसतंय काय?’

बाबांना आत घेतलं, छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं. तरुण डॉक्टरीण होती, माझ्या ऑफिसातल्या ट्रेनीच्या वयाची. तिने फाइल उघडली. ‘किती दिवस झाली नव्हती?’

‘बुधवारपर्यंत आठ,’ मी म्हणालो. ‘रेकॉर्ड आहे.’ आणि मोबाईलमध्ये काढून ठेवलेला कॅलेंडरचा फोटो तिच्यापुढे धरला.

तिने फोटो बघितला आणि मग बाबांना विचारलं. हे मला सुचलं नव्हतं. ‘आजोबा, आठ दिवस अजिबात झाली नाही?’

‘छे छे. रोज होते की.’

मी बाबांकडे बघितलं.

‘रोज होते,’ बाबा तिला समजावत म्हणाले. ‘पण मनासारखी होत नाही.’

‘मग हे गोल?’

‘गोल मनासारखी झाली तर. उगाच हजेरी लावून पळ काढणाऱ्याला आमच्याकडे हजर नव्हते मांडत.’

डॉक्टरीण हसली नाही, पण तिने पेन दोनदा उघडलं-मिटलं. ‘थोडी का होईना, रोज होत होती, पोट फुगलं नव्हतं, उलटी नव्हती. म्हणजे एनिमाची गरजच नव्हती,’ ती मला म्हणाली. ‘आणि पोट फुगलं असतं, दुखत असतं, उलट्या असत्या, तर घरी एनिमा मुळीच द्यायचा नव्हता. आतडं अडलेलं असेल तर जिवावर येतं. दोन्हीकडून तुमचं चुकलं.’

‘लहानपणी साबणाचं पाणी...’ मी सुरुवात केली.

‘जळजळ व्हायची?’

‘व्हायची.’

‘मग? साबणाने आतलं अस्तर सोलवटतं. काही लोक व्हिडिओ बघून कॉफीचा घेतात, ते भाजून येतात. तोटी जोरात लागून आतून जखम झालेले येतात. वयस्कर माणूस, त्यात किडनी किंवा हार्टचा पेशंट असेल तर साध्या पाण्याचासुद्धा विचारल्याशिवाय नको. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?’

‘पोटात जाणाऱ्या गोष्टींबद्दल सांगितलं होतं,’ मी म्हणालो. आन्टी खिडकीबाहेर बघायला लागली.

दुपारी रिपोर्ट आला. फॉस्फेट वाढलेलं होतं, कॅल्शियम खाली आलं होतं. फार नाही, पण आलं होतं. सलाईन चालू झालं, थेंब थेंब, कारण या किडन्यांना पाणीही जपून द्यायचं. डॉक्टरीण म्हणाली, ‘आता सगळं लघवीवर आहे. नीट झाली तर किडन्यांनी धक्का सोसला म्हणायचं. कमी झाली तर उद्या डायलिसिसचं बोलावं लागेल. प्रत्येक वेळी मोजायची.’ आणि मला प्लास्टिकचं एक मापाचं भांडं दिलं.

बहिणीला फोन केला. मागून मांडववाल्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, ‘तू विचारलं का नाहीस कुणाला?’ केमिस्टपासून हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत होता आणि दर वेळी खरं उत्तर तेच होतं. मला विचारायची सवय नव्हती. मला लोक विचारतात.

आन्टी घरी गेली. मी बाबांच्या पलंगाजवळ स्टुलावर बसलो. म्हटलं, ‘रोज होत होती तर तुम्ही मला सांगितलं का नाही? मी बाटली घेऊन उभा होतो तेव्हा तरी.’

बाबा छताकडे बघत होते. ‘तू इतक्या हौसेने दोन दोन घेऊन आलास.’

‘म्हणून?’

‘रजा टाकलीस. फ्लेक्स अंथरलास. नाही कसं म्हणायचं?’ मग म्हणाले, ‘लहानपणी तूही नाही म्हणायचास नाही. आपला येऊन झोपायचास.’

दोन सेकंद गप्प बसायची युक्ती इथे चालली नाही. दोन मिनिटं झाली तरी मी गप्पच होतो.

चार वाजता त्यांना लघवीला नेलं. एका हाताने सलाईनची बाटली वर धरली, दुसऱ्या हातात भांडं.

‘तू बाहेर थांब,’ बाबा म्हणाले.

‘बाटली कोण धरेल?’

‘मग तोंड तिकडे कर.’

मी तोंड तिकडे केलं. टाइल्स मोजल्या. काहीच आवाज नाही.

‘बाबा?’

‘तू श्वास रोखून उभा आहेस. मला ऐकू येतंय. त्याने होत नाही.’

‘मग काय करू?’

‘काहीतरी बोल. ऑफिसचं बोल.’

मी ऑफिसचं बोलायला लागलो. मोतीबिंदूचा एक क्लेम कसा अडला, कुठलं पान हरवलं, कोण कुणावर ढकलतोय. टाइम ऑफिसातल्या माणसाला असल्या गोष्टी आवडतात. पान कुणाच्या टेबलावर सापडलं हे सांगत असताना मागून आवाज सुरू झाला. मी बोलणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तोही थांबला असता. मोतीबिंदू संपला, मी हर्निया सुरू केला.

भांडं वॉर्डातल्या सिस्टरकडे नेताना मी दोन्ही हातांनी धरलं होतं. तिने उजेडात धरून आकडा बघितला आणि लिहून घेतला. ‘चांगली आहे,’ ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत मी असे आणखी दोन क्लेम सांगितले आणि दोन्ही चांगले झाले.

शनिवारी सकाळी पुन्हा रक्त तपासलं. आकडे उतरले होते. किडन्या होत्या तिथेच होत्या. दादरचे डॉक्टर स्वतः येऊन गेले. फाइलवर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं, ‘तोंडावाटे किंवा इतर कोणत्याही मार्गाने.’ मी वाचलं. सही पण केली.

मग त्यांनी बाबांना विचारलं, ‘काय आजोबा, उद्या नातीचं लग्न ना? जा. थोडं जेवा, लोणचं-पापड नको, पाणी मोजून.’

बाबा घुटमळले. ‘पण सकाळी पोट साफ झालं नाही तर?’

‘तर तसंच जायचं.’

‘तसंच?’

‘तसंच. लोक जातात, आजोबा. मीसुद्धा आज तसाच आलोय.’

बाबा डॉक्टरांकडे बघत राहिले. त्र्याऐंशी वर्षांत हा पर्याय त्यांना कुणी दिला नव्हता.

रविवारी सकाळी सातला मी त्यांच्या खोलीत गेलो. ते धोतर नेसून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. सवयीने माझ्या तोंडात प्रश्न आला होता, तो मी गिळला.

‘नाही झालं,’ बाबा स्वतःहून म्हणाले. ‘चल. उशीर होईल.’